आत एक माणूस जास्त

सोमवार, ६ जानेवारी २०२५
सकाळी ८ वाजून ४२ मिनिटं. चाकणला कंपनीच्या गेटवर उभा राहून नव्या ओळखपत्रावरचं नाव तपासत होतो. ज्ञानदेव नीट छापलंय. नंबर ३३१६. या दोन गोष्टी बरोबर असल्या की दिवस चांगला जातो.

काम छान आहे. कंपनीत साडेचारशे माणसं. त्यांची हजेरी ज्या सॉफ्टवेअरवर लागते ते भाड्याच्या कॉम्प्युटरवर चालतं, तो कॉम्प्युटर मुंबईकडे कुठंतरी आहे. त्यालाच क्लाउड म्हणतात. मी स्क्रीनवरच्या रेषा बघायच्या. कुठलं पान किती सेकंदांत उघडतं ते वहीत लिहायचं, अडकलं तर कारण शोधायचं. साहेब शेखरभाऊ हसतमुख आहेत. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडला हे कळल्यावर म्हणाले, राव, तू डिप्लोमा सोडलास का डिप्लोमानं तुला? सगळे हसले. मीपण हसलो.

आमची खोली जुन्या शेड चारच्या वर, माळ्यावर आहे. खाली पूर्वी पेंट शॉप होतं, आता कुलूप. जिन्यात करड्या कपड्यातले एक गृहस्थ मांडीवर वही घेऊन हिशोब करत बसले होते. पन्नाशीचे असावेत. काका, पाणी कुठंय, विचारलं. त्यांनी बोट दाखवलं. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मग मान खाली घालून परत आकडे मांडायला लागले.

आधीच्या माणसाबद्दल विचारलं. शेखरभाऊ म्हणाले, तो तळेगावला गेला, तिकडं जास्त देतात.

मंगळवार, ७ जानेवारी
खरी अडचण एकाच पानाची आहे. पानाचं नाव 'आत किती माणसं'. शिफ्ट सुटताना गेटवर हेच पान बघून बस सोडतात. आग लागली तर आत कोण राहिलं तेही यावरूनच कळणार. हे पान उघडायला १४ सेकंद लागतात. कधी १५. दुपारी साडेतीनला गेटवर शिव्या सुरू होतात. शेखरभाऊंनी दुप्पट भाड्याचा कॉम्प्युटर घेऊन पाहिला. बिल वाढलं, सेकंद तेवढेच.

महिनाअखेर ते तीन सेकंदांच्या आत आणलं तर मला पक्कं करणार आहेत. मग खोली बदलून आईला औशाहून इकडं आणता येईल.

गेटवरचे ज्योतीराम म्हाळुंग्याचे. त्यांची स्वतःची कागदी वही आहे. ते म्हणाले, तुमच्या त्या टीव्हीवर रोज एक माणूस जास्त असतोय बघा. माझी वही चुकत न्हाई. मी दोन्ही ताडून पाहिलं. वहीत ४१२. पानावर ४१३.

गुरुवार, ९ जानेवारी
सापडलं. एक नोंद उघडी आहे. माणूस आत आला, बाहेर गेल्याचा पंच नाही. सॉफ्टवेअर दर वेळी त्याचं आत आल्यापासूनचं एकेक मिनिट मोजतं, ओव्हरटाइम लावतं, म्हणून पान अडकतं. सकाळी ९.०२ ला ५१,३१४ तास झाले होते.

नाव गणराज, नंबर ३१०७, विभाग शेड ४. आत आल्याची वेळ ४ मार्च २०१९, सकाळी ७.०२. पण कागदपत्रांत तो नोकरीला लागला जून २०२३ मध्ये. लागण्याआधी चार वर्षं आत कसा? कुणाची तरी चूक. लाल पेनानं टिपून ठेवली.

फाइलीत फोटो आहे. जन्म १९९८. जिन्यातल्या काकांसारखाच दिसतो, धाकटा भाऊ असावा. काम लिहिलंय: सॉफ्टवेअर देखरेख. म्हणजे माझ्याच खुर्चीवर होता. मग विभाग शेड ४ कसा, हे शेखरभाऊंना विचारलं. ते चहा ढवळत राहिले. साखर विरघळून गेली होती.

सोमवार, १३ जानेवारी
नोंद बंद करायला गेलो. होत नाही. पेंट शॉपच्या भट्टीवरचा माणूस बदली आल्याशिवाय जागा सोडत नसे, तसा इथला जुना नियम. बदलीच्या माणसाला रिलीव्हर म्हणतात. शेड चारच्या नोंदीत रिलीव्हरचा नंबर टाकल्याशिवाय आउट लागत नाही.

शेखरभाऊ म्हणाले, भावा, टाक कुणाचाही, नुसता आकडाय तो. मी म्हटलं, मग तुमचा टाकू? ते हसले नाहीत. एरवी प्रत्येक गोष्टीला हसतात. म्हणाले, ज्यानं दुरुस्ती केली त्यानं आपलाच टाकायचा, तशी पद्धत आहे.

ही पद्धत कुठं लिहिलेली नाही. कंपनीच्या नियमांची वही पहिल्या पानापासून वाचली.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत
दुपारी ३.०५ ला ३३१६ टाकला. नंतर काढता येईल. पान १.९ सेकंदांत उघडलं! गेटवर पहिल्यांदा बस वेळेत सुटल्या. शेखरभाऊंनी तिळगूळ दिला, पाठ थोपटली. आईला फोन केला, ती रडली.

संध्याकाळी ज्योतीराम म्हणाले, तीन वाजता कुणीतरी करड्या कपड्यातला गेटातून पळत गेला. हाक मारली तर मागं बघितलं न्हाई. पायात एकच चप्पल. मी त्यांच्या वहीत बघितलं. आत आल्याची सही नव्हती.

बुधवार, १५ जानेवारी
पान परत १४ सेकंद. उघडी नोंद एक. नंबर ३३१६. विभाग शेड ४. आत आल्याची वेळ ४ मार्च २०१९, सकाळी ७.०२.

२०१९ साली मी औशाला दहावीत होतो.

माझाच नंबर काढायला गेलो. विचारतं, रिलीव्हर कोण? पक्कं करण्याचं शेखरभाऊंनी आज काढलंच नाही. मला फसवलंय. पण यात त्यांचा फायदा काय, तेच कळत नाही.

शुक्रवार, १७ जानेवारी
माझा आउट पंच लागत नाही. मशीनपुढं चेहरा धरला की लिहून येतं: रिलीव्हर नाही. दोन दिवस ज्योतीराम हातानं गेट उघडायचे. आज त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. एका टेम्पोमागून बाहेर आलो.

रात्री संत तुकाराम नगरच्या खोलीवरून आईला फोन केला. ती म्हणाली, मागं काय धडधडायलंय रे, कंपनीतच हाईस व्हय अजून? मी खोलीत होतो. पंखासुद्धा बंद होता.

सोमवार, २० जानेवारी
खोलीवरचा अजिंक्य विचारतो, तीन रात्री कुठं होतास. मी तिथंच झोपलो होतो. त्याच्या शेजारीच. तो खोटं का बोलेल? त्याचे दोन हजार मी द्यायचे आहेत, म्हणून चिडवतोय का?

बुटांवर करडी धूळ. पुसली. पुन्हा आली. थिनरचा वास.

बुधवार, २२ जानेवारी
हजेरीचं मशीन पंच करताना फोटो काढतं. माझ्या नोंदीखाली दर तासाचा फोटो आहे. रात्री एकचा, दोनचा, तीनचा. शेड चारच्या दारावरच्या मशीनचे. ते मशीन कधीच काढून नेलंय, दारावर नुसते स्क्रू आहेत, मी बोट लावून पाहिले.

फोटोत माझी पाठ आहे. केस पांढरे.

शनिवार, २५ जानेवारी
घरी गेलो नाही. की गेलो — आठवत नाही. बसचं तिकीट खिशात नाही. शेखरभाऊ माझ्या खुर्चीत बसले, मी तिथं असताना. मी उठलो म्हणून वाचलो, नाहीतर —

खालची धडधड आता पायात लागते.

सोमवार, २७ जानेवारी
नवी मुलगी आली. सई. ओळखपत्रावरचं नाव दोनदा तपासत होती. नंबर ३३२९. शेखरभाऊ तिला म्हणाले, आधीचा तळेगावला गेला, तिकडं जास्त देतात. मी जिन्यातच बसलो होतो.

तिला मी दिसतो. मला म्हणाली, काका, पाणी कुठंय?

मी एकवीस वर्षांचा आहे.

सांगायचं होतं. तोंड उघडलं. मग मनात आलं — तिनं आपला नंबर टाकला की मी —

बोट दाखवलं.

मंगळवार, २८ जानेवारी
तिला नोंद सापडली. हुशार आहे. उद्या बंद करते म्हणाली. शेखरभाऊ हसले नाहीत.

एक वाक्य सांगायचंय. तुझा नंबर टाकू नकोस. पाच शब्दसुद्धा नाहीत. उद्या सकाळी. आधी हिशोब तेवढा —

बुधवार, २९ जानेवारी, सकाळी ११ वाजून २ मिनिटं. जिन्यात
सई वर टाइप करतेय. ऐकू येतंय. एवढं मांडून झालं की उठतो.

खर्च:
खोलीचं भाडं ३,५००
डबा १,२००
बूट ६५०
आईला १,०००
एकूण ६,३५०. पुन्हा बेरीज केली. बरोबर.

येणं:
ओव्हरटाइम ५१,७९६ तास, ताशी ९० प्रमाणे ४६,६१,६४०

देणं:
अजिंक्य २,०००
सई, एक वाक्य

उठतो आता. नुसतं —

टाइप करणं थांबलं. वर ती आनंदानं ओरडली, एक पॉइंट नऊ!

धडधड नाही. गेट उघडं दिसतंय.

येणं: शून्य.
देणं: अजिंक्य २,०००, आणि स —