यांत्रिक दोष आढळला नाही

आई,

तुझ्या दवाखान्याच्या जीपबद्दल तुला एक गोष्ट सांगायची राहून गेली. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुला पाहिलेलं माणूस आता माझ्या गॅरेजात एकही उरलेलं नाही, आणि तसल्या जीपाही रस्त्यावर दिसत नाहीत. तरी पावसाळ्यात कुणी चिखलाने माखलेली गाडी घेऊन आलं, की मी तिच्याखाली जायचं टाळतो आणि कामावरच्या माणसाला पाठवतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं, मी नाशकात नुकतंच गॅरेज टाकलं होतं. तू धर्मादाय दवाखान्यात नर्स होतीस आणि आठवड्यातून तीन दिवस, लष्कराच्या लिलावात घेतलेल्या त्या जुन्या जीपमधून पेठच्या बाजूच्या पाड्यांवर जायचीस. ड्रायव्हर तिकडचाच, पन्नाशी उलटलेला, कमी बोलणारा. एका दुपारी तू घरी आलीस ती गुडघ्यापर्यंत चिखलात. अडलेल्या बाईला घेऊन येताना जीप दोन तास रुतून बसली होती आणि बाळंतपण जीपमध्येच झालं होतं. मूल वाचलं. स्वयंपाकघरात पाटावर बसून तू मला विचारलंस, "चारही चाकांना ताकद आहे म्हणतोस, मग ती अडकते कशी?" मी तुला समजावून सांगितलं की एक चाक चिखलात फिरायला लागलं की त्या बाजूची सगळी ताकद तेच खातं आणि दुसरं, कोरड्या जमिनीवरचं, नुसतं उभं राहतं. मागच्या दोन्ही चाकांना एकत्र बांधणारं लॉक बसवलं तर गाडी निघेल. तू पोळ्या लाटायला घेतल्या होत्यास. लाटता लाटता म्हणालीस, "पण मग वळणावर? आतल्या चाकाला कमी वाट असते ना?" मी हसलो. म्हणालो, "आई, तू तुझं इंजेक्शनचं बघ."

तो प्रश्न अगदी बरोबर होता. सगळी निवड त्या प्रश्नावरच अवलंबून होती. लॉक दोन तऱ्हेचं करता येत होतं. एक दांड्याचं, म्हणजे ड्रायव्हरने हवं तेव्हा ओढायचं आणि नको तेव्हा सोडायचं. दुसरं आपोआप लागणारं. ॲक्सिलेटर दिला की दोन्ही चाकं धरतं, पाय काढला की सोडतं. तुझा ड्रायव्हर मला म्हणाला होता, "भाऊ, मला दांडाच द्या. चिखल लागला का वढीन, सडक लागली का सोडीन. गाडीनं आपल्या मनानं धरलं तं मला कसं कळंल?" मला मात्र भंगारात एक आपोआप लागणारं लॉक जवळजवळ नवं मिळालं होतं. नाशकात तसं कुणी बसवलेलं नव्हतं. आणि खरं कारण हेही होतं, की चौथी शिकलेल्या माणसाच्या हातावर मला माझं काम सोडायचं नव्हतं. मी आपोआपवालं बसवलं. त्याने फक्त गाडी दोनदा आवारात गोल फिरवून पाहिली आणि मागचं चाक फरफटतं तो आवाज ऐकला.

दोन महिने जीप कुठेच अडकली नाही. तू खूश होतीस, मी तर होतोच. मग श्रावणात, घाटातल्या चढाच्या वळणावर, डांबरावर लाल माती वाहून आलेली. ड्रायव्हरने चढासाठी थोडा ॲक्सिलेटर दिला, लॉकने धरलं आणि मागची दोन्ही चाकं एकदम सुटली. साध्या जीपमध्ये एक चाक घसरलं असतं आणि दुसऱ्याने मागचा भाग जागेवर धरून ठेवला असता. इथे धरायला चाकच उरलं नाही. जीप आडवी होऊन चरात गेली. बाकी सगळ्यांना खरचटलं. तुझं उजवं मनगट मोडलं आणि ते पुन्हा कधी नीट वळलं नाही. त्यानंतर तू सुई टोचली नाहीस, बाळंतपण केलं नाहीस. दवाखान्याच्या टेबलाशी बसून डाव्या हाताने केसपेपर लिहीत राहिलीस.

दवाखान्याच्या कमिटीने माझ्याकडून रिपोर्ट मागवला. मी जीपच्या खाली शिरलो, लॉक हाताने फिरवून पाहिलं. ते व्यवस्थित चालत होतं. जसं चालायला हवं तसंच चाललं होतं. मी लिहिलं, यांत्रिक दोष आढळला नाही. वाक्य खोटं नव्हतं. कमिटीने त्यातून काढायचा तो अर्थ काढला, ड्रायव्हरचं वय झालं, नजर गेली, आणि त्याला घरी बसवलं. मग दुरुस्तीच्या नावाखाली मी ते लॉक काढलं आणि सातपूरच्या एका टर्नरकडून दोन्ही चाकं जोडणारी कॉलर करून घेऊन दांड्याचं बसवलं. जीप परत आली त्या दिवशी तू पुढच्या सीटवर बसलीस. "हा दांडा कसला?" मी म्हणालो, "नवी सोय आहे." तू डाव्या हाताने तो एकदा ओढलास, सोडलास आणि उतरून आत गेलीस. रात्री जेवताना विचारलंस, "त्या लॉकमुळे झालं का रे?" मी नाही म्हणालो. तू भाजी वाढलीस.

तू गेल्यावर दुसऱ्या वर्षी मी त्या ड्रायव्हरच्या गावी गेलो. तो अंगणात नागली पाखडत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. तो सूप खाली ठेवून म्हणाला, "ठावं हाय मला. बाई आल्ती ना. दांडा बसवला त्याच्या दुसऱ्याच महिन्यात, एस्टीनं, मोडक्या हातानं. म्हनली, चूक लेकाची हाय, मी कमिटीला सांगते. म्याच नको म्हनलं. पोराचं नवं गॅरेज, मला शेती तरी हाय." मग सूप पुन्हा उचलत म्हणाला, "तिला वाटं, तुमी आपन होऊन यासाल. दर साली निरोप धाडून इचारायची, आला का म्हनून."

म्हणजे इतकी वर्षं तू माझ्यासमोर जेवायला बसत होतीस, ते वाट बघत. मला वाढत होतीस, गॅरेजचं विचारत होतीस, आणि एकदाही रागावली नाहीस. रागावली असतीस तर मी गेलो असतो का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. गेलो असतो असं छातीठोक म्हणवत नाही.

त्याने मला चहा पाजला, एस्टीपर्यंत सोडायला आला. खिडकीशी बसल्यावर मला लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी वाटलं ते हे, की बरं झालं, आता घरी जाऊन तुझ्यासमोर बसावं लागणार नाही. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तुला लिहू शकलो तेही एवढ्यासाठीच, की हे पत्र तुझ्यापर्यंत पोचणार नाही.