अस्तरातलं औषध

ता. ५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पुलाखालून उठून या व्यसनमुक्ती केंद्रात आल्यापासून माझ्या नावाने पहिल्यांदाच काही आलं. शेजारच्या खाटेवरचा ड्रायव्हर ओरडला, साहेबांचं टपाल आलं!

मी बटाटे सोलतो, संडास धुतो, संध्याकाळी गोल बसून सगळ्यांची रडगाणी ऐकतो. उशी मिळालीय, पण चोरीच्या भीतीने अजून बूटच डोक्याखाली घेतो. वॉर्डनबाई हसतात. तशा कडक आहेत. दारूचा थेंब पोटात गेला की खाट गेली, फाटकाबाहेर दुसरा उभाच असतो. पण सुधारून आलो तर वरची खोली देईन, असं भावजी म्हणालेत ना? मग मी तग धरेन.

खोकला तेवढा छळतोय. औषध बाईंच्या हातूनच घ्यायचं असा नियम आहे, आणि बाई म्हणतात गरम पाणी पी.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. १२ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

गरम पाणी पी म्हणे! त्यांना काय जातंय सांगायला? आई गेल्यावर तुझी दुखणीखुपणी मीच काढली, मला नको कुणी शिकवायला. सोबत रजई पाठवतेय. पायाकडच्या कोपऱ्यात, अस्तराच्या आत, आपलं नेहमीचं खोकल्याचं औषध शिवलंय. झोपताना दोन चमचे घे. बाईंना कशाला कळतंय!

खोलीला रंग दिला. तुझे भावजी कुरकुरले, पण ब्रश त्यांनीच धरला. तुझी भाची रोज विचारते, मामा कधी येणार. दारामागे कपाट ठेवलंय, बूट त्यात ठेवायचे, डोक्याखाली नाही. कळलं का, शहाण्या?

जिवाला जप, आणि आम्हाला विसरू नकोस.

तुझी,
ताई

ता. २३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून लिहितोय. बाटलीचं झाकण उघडलं आणि वासानेच कळलं की औषधात दारू आहे. बाईंना देऊन टाकायला उठलो होतो गं, देवाशपथ. त्यांच्या दारापर्यंत गेलो. तिथेच उभ्या उभ्या सगळी प्यायलो. मग भिंतीवरून उडी मारून गुत्ता गाठला.

सकाळी फाटकाशी आलो तर खाट गेलेली. बाईंनी स्वतः बूट आणून दिले, डोळे भरले होते त्यांचे. बाटली कुठली, विचारलं. बाहेरून आणली म्हणालो. रजई नव्या माणसाला राहू दे म्हटलं, तोही कुडकुडत होता.

मी आता येत नाही. भाचीने मला असं पाहू नये. खोली दुसऱ्या कुणाला द्या. आणि तू स्वतःला बोल लावू नकोस, तू औषधच पाठवलं होतंस.

माझ्यावरची माया तेवढी राहू दे.

तुझा,
धाकटा

ता. क. खोकला मात्र थांबलाय.