बाळंतिणीला अंडं

आई, तुला एकदा तरी उलटून बोलायचं राहून गेलं होतं, ते आज या पत्रात बोलणार आहे. मध्ये तोंड घालू नकोस. तू गेलीस त्याला इतकी वर्षं झाली की आता माझे केस तुझ्या तेव्हाच्या केसांपेक्षा पांढरे आहेत, तेव्हा वयाचा धाक दाखवायचा तुझा हक्क संपला. मी बहारीनला असते. नवरा ड्रायव्हर आहे आणि मी सलमाबादला एका मेसच्या किचनमध्ये स्वयंपाक करते. तुबलीपर्यंतच्या गॅरेजांमधल्या कामगारांचे डबे आमच्याकडून जातात. डबे गेले की टोपाच्या तळाला जी खरवड उरायची ती आम्ही दोघी बायका खायचो. असं करा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. मीच ती पद्धत पाडली होती, म्हणजे खरं तर तू.

दुसरी बाई युगांडाची, माझ्या मुलीच्या वयाची. तिची दोन वर्षांची पोर तिकडे खेड्यात, तिच्या आईजवळ असते. दुपारी हात मोकळे झाले की ती फोन लावते आणि मीही शेजारून डोकावते. मध्यंतरी पोर फारच किरकोळ दिसायला लागली. हातपाय काटकुळे, केस विरळ आणि तांबूस. गावच्या दवाखान्यातल्या नर्सनं आजीला सांगितलं की पोरीचं पोट भरतंय, पण ती बाळसं धरत नाही, कारण सकाळ-संध्याकाळ तेच मक्याचं पीठ शिजवून देताय. रोज थोडं थोडं सगळं द्या, पाला द्या, घेवडा द्या, अंडं द्या. आणि गंमत बघ, हे सगळं त्यांच्या दारात आहे. कोंबड्या अंगणात फिरतात, मागे घेवडा आहे, भोपळ्याचा वेल आहे, पपई आहे. तळ्यातली बारीक सुकी मासळी तर अगदी आपल्या जवळ्यासारखी. यातलं काही बाजारात जातं, काही पुरुषांच्या ताटात. आजीचं म्हणणं, लहान पोराला अंडं दिलं की ते उशिरा बोलायला लागतं. "बेबी को एग मफी," असं ती मान खाली घालून मला म्हणाली. मफी म्हणजे इथल्या अरबीत 'नाही'. ती गरोदर होती तेव्हा तिलाही अंडं मफीच होतं. आईला स्पष्ट सांग म्हटलं, तर म्हणाली की ती माझी पोर सांभाळते, तिला मी कुठल्या तोंडानं बोलू?

त्या आजीचा मला राग यायला हवा होता. मला तुझा आला.

धाकटा भाऊ झाला त्या महिन्यातली संध्याकाळ आहे. तू चुलीपाशी बसली आहेस, मांडीवर तो आहे आणि तुझ्यापुढे पेज आणि मीठ. पालेभाजी वातूळ, वांगं खाजरं, फळ थंड, अंडं उष्ण, असं करत करत बाळंतिणीला खायला पेजच तेवढी उरली आहे. ताटलीत दोन उकडलेली अंडी आहेत, एक बाबांचं आणि एक दादाचं. मी त्यातलं एक उचलते. तू माझं मनगट धरतेस आणि म्हणतेस, "पोरीच्या जातीला जिभेचे चोचले शोभत नाहीत. ठेव ते." मी ठेवते. तू पेज पितेस, पोट भरलं म्हणतेस आणि भांडी घासायला उठतेस. पुढे तुला दूध पुरेना, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, आणि शेजारणी म्हणायच्या की हिच्या अंगात कसच नाही. कस येणार होता कुठून, आई?

गरिबीचं मला सांगू नकोस. गरिबी होती, मी नाकारत नाही. पण कोंबड्या आपल्याच होत्या. दारात शेवगा होता आणि त्याचा पाला खुडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. तुला हे सगळं आजीनं शिकवलं, आजीला तिच्या सासूनं, तेही मला कळतं. तरी मी तुला सोडणार नाही, कारण मला ते तू शिकवलंस. माझ्या पहिल्या बाळंतपणात तू नव्हतीस, तरी मी मुकाट्यानं पेज पीत बसले होते.

एका दुपारी कांदे सोलता सोलता तिनं मला विचारलं, "सिस्टर, तुम कभी मम्मी को नो बोला?"

मी हात पुसले आणि हो म्हटलं. नुसतं हो म्हणून थांबले नाही, सगळं रचून सांगितलं. मी अंडं तुझ्यापुढे धरलं, आधी तू खा म्हटलं, तू पळी उगारलीस, मी हलले नाही, आणि शेवटी तू ते खाल्लंस. मम्मी रागावली का, असं तिनं विचारलं. रागावली, पण खाल्लं, मी म्हटलं. तिनं पुढचा कांदा उचलला.

पुढच्या शुक्रवारी तिनं आईला फोन लावला आणि मला शेजारी उभं केलं. तिची भाषा मला एक अक्षर कळत नाही, पण आई-लेकीचं भांडण कळायला भाषा कशाला लागते? म्हातारीनं हात झटकला, फोन जमिनीवर टाकला आणि निघून गेली. आम्हाला बराच वेळ नुसता छपराचा पत्रा दिसत होता. ती रडायला लागली. आता आई पोरीला सांभाळणार नाही, खलास, म्हणाली. आणि तिला भरीला तर मीच घातलं होतं.

मग एका सकाळी व्हिडिओ आला. पोर आजीच्या मांडीवर आणि वाटीत पाल्याबरोबर कुस्करलेलं अंडं. म्हातारीचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा, पण घास पोरीच्या तोंडात जात होता आणि पोर पुन्हा आ करत होती. त्या दिवशी डबे भरायच्या आधी मी दोन ताटं वाढली. डाळ, भाजी, काकडी आणि एकेक अंडं. सुपरवायझर बघतच राहिला. त्याला म्हटलं, आजपासून आम्ही आधी जेवणार. तो म्हणाला, यल्ला, लवकर आटपा. एवढंच झालं बघ. एवढंच व्हायला आपल्या घरात किती पिढ्या गेल्या.

हे पत्र मी कुठे ठेवणारही नाही, भाजीच्या देठांबरोबर कचऱ्यात जाईल. पण मी तिच्याशी खोटं बोलले याचा मला पश्चात्ताप नाही, आणि सगळंच काही खोटं नव्हतं. ते अंडं मी माझ्यासाठी उचललं नव्हतं, आई. तुझ्या पेजेत घालायला उचललं होतं. तू विचारलं नाहीस, आणि मी सांगितलं नाही.