लुंबिनी व्हाया कुरूम

अमरावती,
मंगळवार

प्रिय खुशाल,

तुला, कौशल्यावहिनीला आणि तुझ्या दोन्ही नव्या गुडघ्यांना सप्रेम जय भीम. इकडे आम्ही सारे मजेत आहोत, फक्त माझं वजन अडीच किलोने वाढलं आहे. ते कसं, हे सांगायलाच हे पत्र. फोन केला असता, पण हल्ली तू "हं, बरं, ठेवतो" याच्या पुढे जात नाहीस. पत्र तसं मध्येच ठेवता येत नाही (तू ठेवशील, पण वहिनी ते पुन्हा तुझ्या चहाच्या कपाजवळ आणून ठेवेल. तसं आमचं ठरलं आहे).

शाळेत असताना आपण सायकलने लुंबिनीला जायचं ठरवलं होतं, आठवतं? तेव्हा आपल्या दोघांत मिळून एक सायकल होती, आणि तीही तुझ्या काकाची. पुढे मी पोस्टात लागलो. चौतीस वर्षं टपाल वाटत सायकल हाणली, पण रोज संध्याकाळी जिथून निघालो तिथेच येऊन उतरलो. आता निवृत्त झालोय, तेव्हा जायचं म्हणजे जायचं. नागपूर, जबलपूर, तिथून नेपाळ, मग भूतान, आणि येताना बांगलादेश. माधवीने सगळं ऐकून घेतलं आणि पोळी लाटता लाटता म्हणाली, "जा ना, मी काहून अडवू? पण एकटे नाही जायाचं. जोडीले कोणी असन तरच." पासपोर्टपासून पंक्चरच्या सोल्युशनपर्यंत सगळं तयार आहे, आणि दौरा या एका अटीवर अडला आहे.

पायलने (आमची लेक, माहेरपणाला आली आहे) मोबाइलवर नकाशा काढून दिला. त्यात एक निळी रेघ होती. मला ती काही पटली नाही. टपालवाल्याला रेघ नको, पत्ता पाहिजे. मी दोनशे पानी वही घेतली, वाटेवरच्या साऱ्या नातेवाइकांचे पत्ते उतरवले आणि प्रत्येक घरी एक मुक्काम टाकला. आपली माणसं असताना लॉजवर कशाला झोपायचं? ही अक्कल सर्वस्वी माझी.

मागच्या आठवड्यात तालीम म्हणून अकोल्याला निघालो. शंभरेक किलोमीटर, सकाळी सहाला निघून दुपारी तुझ्या अंगणात उभं राहायचं, असा बेत. (सायकलबद्दल आत्ता काही विचारू नकोस. रस्त्याने लोक वळून वळून हसत होते, एवढंच सांगतो.) बडनेऱ्याला माझा साळा, माधवीचा भाऊ अनुप, रस्त्यातच उभा. पोहे झाले, चहा झाला, मग "जेवल्याबिगर कसे जाता भाटवे?" जेवण झालं, आणि जेवणानंतर झोप लागली. पहिल्या दिवसाची मजल दहा किलोमीटर.

दुसऱ्या दिवशी शहाणा झालो. कुरूमला व्याही वामनराव राहतात. तिथे थांबलो तर दोन दिवस गेले, हे ओळखून टोपी पुढे ओढली आणि गावावरून सुसाट निघालो. मूर्तिजापूरला मावसबहीण जाईबाईच्या दारात पाय टेकतो तर ती फोन हातात घेऊनच बाहेर आली. फोनवर वामनराव. "इवाई, दारावरून गेले अन् पाणीबी नाही पेले? आमचं काही चुकलं काय?" खुशाल, लेकीच्या सासऱ्याने असं विचारल्यावर बापाची काय गत होते, ते तुला सांगायला नको. पंधराएक किलोमीटर उलटा आलो. त्यांनी गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे रोडगे लावून ठेवले होते. तूप ओतलेल्या तिसऱ्या रोडग्यानंतरचं मला नीट आठवत नाही. चौथ्या दिवशी मला आणि सायकलला टेम्पोत घालून त्यांनी अमरावतीला पोचवलं, कारण मला वाकता येत नव्हतं. आणि नुसतं पाणी पिऊन परत फिरलो म्हणून जाईबाई रुसली आहे ती वेगळीच. पायल म्हणते, चार दिवसांत एकूण प्रगती शून्य, तेव्हा लुंबिनी कधी येईल ते गणितात बसत नाही.

शिवाय वहीत जबलपूरला माधवीचा एक आतेभाऊ आहे, आणि त्यापुढची पानं कोरी. सीमेपलीकडे मला कोणी ओळखत नाही. तुला ओळखतात. कृषी विद्यापीठात तुझ्या हाताखाली कपाशीवरच्या किडी शिकून गेलेली नेपाळची, भूतानची, बांगलादेशची पोरं अजून दरवर्षी तुला भेटकार्डं पाठवतात. आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं.

वहिनी सांगत होती, अंगणात पाय घसरून पडलास त्याला आठ महिने झाले, तेव्हापासून तू फाटकाबाहेर गेला नाहीस. गुडघे ठणठणीत आहेत, डॉक्टर फिरा म्हणतात, आणि तू खिडकीतून रस्ता पाहत बसतोस. ऐकून फार वाईट वाटलं रे. तीन वर्षं तू मला डबलसीट शाळेत नेलंस. कितीदा पडलो, पण दर वेळी आधी उठून तूच हसायचास. तू असा घाबरून घरात बसलेला मला बघवत नाही. असो. तब्येतीला जप.

तुझाच,
देवमन

ता. क. भेटकार्डांचा डबा वहिनीने गुपचूप मला पाठवला होता. त्यावरचे पत्ते पाहून मी तुझ्या विद्यार्थ्यांना कळवून टाकलं आहे की सर येत आहेत. चितवनच्या हरिप्रसादचं उत्तरही आलं. सरांच्या गुडघ्यांना जिना नको म्हणून त्याने खालची खोली रिकामी केली आहे. आता नाही म्हणायचं असेल तर त्याला तूच लिही, माझ्याच्याने होणार नाही.

ता. क. दुसरा. सायकल दोन सीटची आहे. तोल पुढच्याने सांभाळायचा, मागच्याने फक्त बसायचं. मागची सीट तुझ्या मापाची करून घेतली आहे (माप वहिनीने तुझ्या पॅन्टवरून कळवलं). तालमीला ती रिकामीच होती, आणि बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत जो तो हसून एकच विचारे, "मांगचा कुठी पडला?" मी म्हणायचो, "अकोल्याले हाये. त्यालेच आणाले चाललो."

ता. क. शेवटचा. येत्या रविवारी पुन्हा निघतोय, फाटकाशी उभा राहा. चढावर तू पायडल मारले नाहीस तरी चालेल. मी मागे वळून पाहणार नाही.