पलंगाखालच्या विटा

धरमपेठ, २ मे १९७४

आज पलंगाच्या चारही पायांखालच्या विटा काढल्या. विटांमुळे पलंग उंच होता, म्हणून खाली ट्रंका मावत होत्या. आता ट्रंका खोलीच्या मधोमध आल्यात आणि सासूबाईंचं तोंड फुगलंय. फुगू दे.

काल बाळू पाळण्याच्या कठड्यावर चढला आणि पलीकडे पडला. कपाळावर हे एवढं टेंगूळ. दोन वर्षांचं पोर, अजून किती दिवस पाळण्यात कोंबायचं? तर सासूबाई म्हणतात, "पाळणा रिकामा ठेवू नये वं. दुसरं येईपर्यंत त्यातच निजव त्याले."

दुसरं! म्हणजे खरं दुखणं हे आहे. आणि पहिल्याचं डोकं फुटलं तर?

हे तिथेच पेपर वाचत बसलेले. "आई एवढं म्हणून राहिली, तर निजू दे ना पाळण्यात." का निजू दे? रात्री दचकून उठते कोण?

मग मी एकटीनेच विटा काढल्या. पलंग भिंतीला लावला, मोकळ्या बाजूला खाली गादी टाकली. बाळूला पालथं करून घसरत उतरायला शिकवलं. "आधी पाय, मग डोकं." दुपारी उठून तो तसाच उतरला आणि स्वयंपाकघरात येऊन स्वतःच टाळ्या वाजवल्या!

विटा परत लागणार नाहीत. न्हाणीपाशी रचून टाकल्या.

संध्याकाळी वर्षभराचे कांदे आले. पाळण्यात चहूकडून हवा खेळते, कांदे सडत नाहीत. काठोकाठ भरला.

"कांदे काहून भरले वं पाळण्यात?" सासूबाई ओरडल्या.

म्हटलं, "रिकामा ठेवू नये ना."