प्रत्येकी दोन मिनिटं

३ तारीख, सकाळी साडेसहा
मोटरसायकलवाले बायकोची पर्स हिसकावून पळाले, त्याला आज महिना झाला. मी सोबतच होतो, पण काही कळायच्या आत सगळं आटोपलं. ती पडली, कोपर फुटलं. तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. तिची भीती घालवायचीच. उपाय सापडलाय: वस्ती आणि पोलीस यांचा जाहीर संवाद. अध्यक्ष अर्थातच मी.

५ तारीख
बायको म्हणाली, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत माझ्याबरोबर चला, बाकी काही नको. म्हटलं, अगं, एका दुकानाचं काय घेऊन बसलीस, मी अख्खं शहर सेफ करतोय! अजेंडा टाइप करायचा होता. दुकान उद्या नक्की.

६ तारीख
इन्स्पेक्टरसाहेबांची वेळ मिळाली. दुकान राहिलं.

९ तारीख
दिवे, कॅमेरे, गस्त: तिन्ही मुद्दे पक्के. लोक माईक सोडत नाहीत, म्हणून नियम केला. प्रत्येकी दोन मिनिटं, मग घंटी. बायकोनं दुकानाचं पुन्हा काढलं नाही. बरीच सुधारणा आहे.

१४ तारीख, संध्याकाळ
सभा दणक्यात! खुर्च्या नव्वद, माणसं एकोणीस, पण सगळी दर्दी. आणि बायको आली! शेजारणीचा हात धरून, सव्वा महिन्यात पहिल्यांदा. बोलायला उभी राहिली. बराच वेळ तोंडातून शब्द फुटेना, नुसती माझ्याकडे बघत होती. मग म्हणाली, त्या दिवशी मी यांना... तेवढ्यात दोन मिनिटं झाली. घंटी वाजवली. अध्यक्षानं घरचं माणूस म्हणून सूट दिली तर लोक काय म्हणतील? ती बसली. टाळ्या मीच सुरू केल्या.

१६ तारीख
बायको मुलीकडे गेली. चार दिवस हवापालट, बरंच आहे. टॅक्सीपर्यंत शेजारीण गेली. मी सभेचा अहवाल लिहीत होतो.

२९ तारीख
चाराचे तेरा दिवस झाले. चहा रोज उतू जातोय. शेवटी मुलीला फोन केला. आई रोज फिरायला जाते म्हणे, जावईबापूंबरोबर. ते तिच्या चालीनं चालतात. परत कधी येणार विचारलं, तर मुलीनं विषय बदलला. मग विचारलं, सभेत तिला सांगायचं तरी काय होतं? म्हणाली, बाबा, पर्स धरून ती त्या चोरांशी झटापट करत होती तेव्हा तीनदा ‘अहो’ म्हणून ओरडली. तुम्ही दहा पावलं पुढे होता, वळला नाहीत.
म्हटलं, अगं, रस्त्यात सतरा बायका ‘अहो’ म्हणतात, मी कुणाकुणाला ओ देऊ? तिनं फोन ठेवला.

३० तारीख, सकाळ
इथे तरी खोटं कशाला लिहू? आवाज पहिल्याच हाकेला ओळखला होता. बेचाळीस वर्षं ऐकतोय. वाटलं, भाजीची पिशवी जड झाली असेल, धरा म्हणेल. म्हणून जरा भरभर चाललो.