दादाचा उजवा पंजा आणि माझं जॅझ

३ मार्च
आजपासून दादाची पेडल स्टील गिटार मी शिकणार. निर्णय पक्का. दोन महिन्यांपूर्वी झटका आला, त्यात दादाची उजवी बाजू गेली, वाचा गेली. गिटार त्याच्या खाटेसमोर टेबलासारखी चार पायांवर उभी. ती दिसली की तो भिंतीकडे तोंड फिरवतो. मला बघवत नाही. त्याच्या वहीत जॅझची एक चाल आहे, दर दोन मात्रांना कॉर्ड बदलणारी. तीच बसवताना कोसळला. ती अख्खी वाजवून दाखवली की गडी उठून बसेल. एकतीसला त्याचा वाढदिवस. तोवर आरामात होईल.

४ मार्च
दहा तारा. डाव्या पायाला तीन पेडलं. गुडघ्यांना पाच दांडे. डाव्या हातात तारांवरून सरकवायची लोखंडी कांडी. उजव्या पायाखाली आवाज कमीजास्त करायचं वेगळं पेडल. लोक घाबरतात. मी तीस वर्षं शिंपीकाम केलंय. शिलाई मशीनलाही पाय लागतो, गुडघा लागतो, दोन्ही हात लागतात. निम्मं काम झाल्यातच जमा आहे.

५ मार्च
कांडी पायावर पडली. सुट्टी.

९ मार्च, सकाळी १०
पहिल्या चार कॉर्ड वाजवल्या. दादाच्या डोळ्यांत पाणी! किती हळवा आहे. वहिनी म्हणाली, भाऊजी, जरा बेताने घ्या. बेताने घेऊन एकतीस तारीख कशी गाठणार?

१२ मार्च
फिजिओथेरपीच्या बाई रोज येतात. त्यांचा एकच धोशा: उजवा पंजा उचला. टाच खाली, बोटं वर. पंजा ढिम्म. आज बाहेर येऊन म्हणाल्या, पंजा उचलला गेला नाही तर चालण्याची आशा नको. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन रडली. मला फार भीती वाटली. काय करावं सुचेना, म्हणून जास्त जोरात वाजवलं.

१५ मार्च
एक सूर भलताच लागला. पण जॅझमध्ये चूक अशी नसतेच, हे दादाच म्हणायचा. त्याला तशी आठवण करून दिली. त्याने डोळे मिटून घेतले.

१७ मार्च
दुकानात गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले. डोक्यात दुसरं पेडल होतं. गिऱ्हाईक वाट्टेल ते बोललं. कलाकाराला सोसावं लागतं.

२१ मार्च
फक्त इथे कबूल करतो. पाचव्या कॉर्डपुढे गाडी हलत नाही. पाय सांभाळला की गुडघा विसरतो, गुडघा आठवला की हात भलतीकडे. दुपारी दादा झोपलेला पाहून खाटेशी बसलो आणि म्हणालो, मला नाही रे जमत. तो जागा होता बहुतेक.
उद्यापासून रोज तीन तास!

२४ मार्च, ११.२०
चमत्कार!! बाई पायाला मालिश करत होत्या, मी वाजवत होतो. पाचव्या कॉर्डवर घसरलो आणि दादाचा उजवा पंजा हलला. बोटं वर, टाच खाली! पुन्हा वाजवलं, पुन्हा हलला! बाई चक्क ओरडल्या. ताल देत होता पठ्ठ्या. संगीतात ताकद असते, मी काय सांगत होतो?

२५ मार्च
वहिनीने खुलासा केला, पदरात तोंड लपवून हसत. ती कित्येक वर्षं दादाच्या शेजारी बसून ऐकत आलीय. म्हणाली, भाऊजी, उजवा पाय तालाचा नसतो हो, आवाजाचा असतो. टाच खाली म्हणजे आवाज बंद.
दादाकडे पाहिलं. अर्ध्या तोंडाने हसत होता. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

२६ मार्च
गिटारला पुन्हा हात लावणार नाही, असं जाहीर केलं. फिजिओबाई म्हणाल्या, खबरदार. रोज वीस मिनिटं, अगदी असंच वाजवायचं. क्लास वगैरे लावू नका.

३१ मार्च
वाढदिवस. दादाला खुर्चीत बसवलं. पंजा दहा वेळा उचलायचा होता. मी बसलो वाजवायला. चौथी कॉर्ड, पाचवी, सहावी... कधी नव्हे ती अख्खी ओळ बिनचूक गेली! अंगावर काटा आला.
पंजा जागचा हलला नाही. वहिनी कळवळून म्हणाली, भाऊजी, आजच्या दिवशी तरी असं करू नका हो.
माफी मागितली. पुन्हा नेहमीसारखं वाजवलं.